अभ्यासिकेचे सात लॅपटॉप : साफसफाईच्या नोंदी

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

पुण्याहून सात लॅपटॉप आले. गावातला एक मुलगा तिकडे नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसने जुने म्हणून बाजूला काढलेले त्याने आपल्या अभ्यासिकेसाठी मागून घेतले आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने औशापर्यंत पाठवले. तिथून मामांनी पोत्यात बांधून मोटारसायकलवर आणले. सगळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे, तेव्हा चालायचे तसे चकचकीत. झाकण आरशासारखं, बहुतेकांची स्क्रीनही तशीच. सहा चालू होतात, एक नाही.

पोतं सोडलं तेव्हा मी पोचले नव्हते. पोचले तर बारावीतला पुतण्या रुमालाने पहिल्याच लॅपटॉपचं झाकण घासत होता, अगदी मनापासून. "आत्या, बघ कसा चमकायलाय!" चमकत होताच. मी मोबाईलचा टॉर्च लावून उजेड तिरपा टाकला. काळ्या झाकणावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसले. त्यातले जुने किती आणि आजचे किती, आता सांगता येणार नाही.

पोत्याची धूळ, तिच्यात रस्त्याची वाळू. वाळूतल्या क्वार्ट्झ या खनिजाचा कठीणपणा मोहस्‌च्या १ ते १० या मापावर ७, साध्या काचेचा साधारण साडेपाच, आणि हे झाकण तर प्लास्टिकचं. रुमाल कितीही मऊ असला तरी त्याच्याखाली सापडलेला खडा मऊ होत नाही. पोरांना एवढंच सांगितलं की मी सांगेपर्यंत कुणी कापड लावायचं नाही. धूळ राहू द्या. बसलेल्या धुळीने चमक जात नाही, रगडलेल्या धुळीने जाते.

मी लातूरला कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काचेची भांडी हाताळण्यात बारा वर्षं गेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पाडव्याला, २ नोव्हेंबरला, अभ्यासिका उघडायची आहे. हातात शनिवार-रविवार तेवढे.

लॅपटॉपना १ ते ७ नंबर दिले. चिठ्ठ्या झाकणावर चिकटवल्या नाहीत, कारण डिंक नंतर निघता निघत नाही. बॅटरीच्या खाचेत मार्करने आकडे लिहिले.

३० सप्टेंबर, सोमवार

आज काम नाही. किल्लारीच्या भूकंपाला ३१ वर्षं झाली. १९९३ साली पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जुनं गाव गेलं. आता राहतो ते पुनर्वसनातलं गाव, आणि अभ्यासिकेची खोलीही त्याच वसाहतीतली. सकाळी सगळे मिळून फुलं वाहून आलो. लॅपटॉप धुतलेल्या चादरीखाली झाकून मी दुपारच्या एसटीने लातूरला निघाले.

२ ऑक्टोबर, बुधवार, लातूर

सुट्टी होती. गंजगोलाईत सामान घ्यायला गेले.

आधी कापड. चष्म्याच्या दुकानातून मायक्रोफायबरची चार मोठी कापडं घेतली. या कापडाचा धागा पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या जातीचा असतो. तो इतका बारीक चिरलेला असतो की तेलकट थर पुढे ढकलत न नेता उचलून घेतो. आई म्हणाली होती की तिची जुनी सुती साडी फाडून देते, त्याहून मऊ काय असणार. खरं आहे, साडी मऊ आहे. पण ती अंगणातल्या दोरीवर वाळते आणि अंगणापुढे कच्चा रस्ता आहे. शिवाय सुती कापड तंतू सोडतं, आणि ते तंतू काळ्या स्क्रीनवर लगेच दिसतात. कागदी टिश्यू आणि वर्तमानपत्रही नको. कागद म्हणजे लाकडाचा तंतू, काचेला तो चालतो, प्लास्टिकला नाही.

मग पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाच लिटरचं कॅन घेतलं. याचं कारण सविस्तर लिहून ठेवते, कारण गावात सगळ्यात जास्त वाद यावरच झाला. "बोअरचं पाणी आपण पितो, मग लॅपटॉपला कामून चालत नाही?" असं मामा म्हणाले होते. म्हणून येताना गावच्या बोअरचं पाणी बाटलीत आणलं होतं. स्वच्छ काचेच्या तीन चकत्यांवर एकेक थेंब ठेवला. एक बोअरचा, एक खोलीतल्या नळाचा, एक बॅटरीच्या पाण्याचा. संध्याकाळपर्यंत तिन्ही वाळले. बोअरच्या थेंबाच्या जागी पांढरं कडं उमटलं होतं. नळाचं कडं फिकट, बॅटरीच्या पाण्याचं जवळजवळ काहीच नाही. ते कडं म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. आपल्या बेसॉल्टच्या खडकातून झिरपत येताना पाणी ते बरोबर घेऊन येतं. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर चढतो, तोच हा. स्क्रीनवर तो डाग म्हणून बसला की पुन्हा घासावं लागतं, आणि घासणंच तर टाळायचं आहे. चकत्या कागदात गुंडाळून ठेवल्यात, मामांना दाखवायला.

पाणी विकत घेताना हात जरा अडखळलाच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी याच शहरात होते. पण हिशोब केला. एका लॅपटॉपला अर्धी वाटीही लागत नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, ७० टक्क्यांचं, अर्धा लिटर माझ्या पैशाने घेतलं. कॉलेजची बाटली कॉलेजची. हे फक्त झाकण आणि बटणांसाठी, तेही लागलं तरच.

साफसफाईचं तयार किटही पाहिलं. बाटलीवर घटक लिहिलेले नव्हते. आत काय आहे ते माहीत नसलेलं द्रव मी स्क्रीनला लावणार नाही. खिडकीच्या काचा पुसायचे स्प्रेही नकोत. त्यांतल्या अनेकांत अमोनिया किंवा कडक विद्रावक असतात, आणि स्क्रीनच्या वरचा पातळ लेप त्याने मरतो. करोनातलं सॅनिटायझर घरोघरी उरलंय, तेही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या सॅनिटायझरमध्ये ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं. हात कोरडे पडू नयेत म्हणून ते घालतात. स्क्रीनवर त्याचा चिकट पापुद्रा राहतो आणि धूळ दुप्पट बसते.

५ ऑक्टोबर, शनिवार

कुठली स्क्रीन कसली आहे ते आधी ठरवलं. बंद स्क्रीनमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचं. कडा रेखीव दिसल्या तर चकचकीत, पसरट धूसर दिसल्या तर मॅट. चकचकीतमध्येही दोन जाती. कडेपासून कडेपर्यंत एकसंध काच असली तर नखाने हलकं टकटक केल्यावर आवाज कडक येतो आणि बोटाला गार लागतं. चौकट उंच आणि स्क्रीन आत बसलेली असली तर वर काच नसते. प्लास्टिकचा पोलरायझर, म्हणजे उजेड गाळणारा पापुद्रा, आणि त्याच्यावरचा गुळगुळीत लेप, बस. बोट टेकवलं की तिथे रंग हलतात. अशा स्क्रीनवर जोर म्हणजे थेट आतल्या द्रवस्फटिकावर जोर.

नंबर १, २ आणि ६ प्लास्टिकच्या लेपाचे. ३ ला काच. ४ चं झाकण चकचकीत, पण स्क्रीन मॅट. ५ ला लेपच, आणि तो जागोजाग उडालाय. ७ चालू होत नाही, त्याचं नंतर बघू.

मामांना चकत्या दाखवल्या. त्यांनी कडं अंगठ्याने पुसून पाहिलं, निघेना. पाण्यावरचा वाद मिटला.

६ ऑक्टोबर, रविवार

आज नंबर २ आणि ३ पूर्ण. रीत अशी ठेवली.

अडॅप्टर काढला, लॅपटॉप बंद केला, उलटा करून बॅटरी काढली, मग चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवलं. नुकता चालवलेला असेल तर निवेपर्यंत थांबायचं. गरम स्क्रीनवर पाणी लगेच वाळून पट्टे उठतात. बंद स्क्रीनचा आणखी एक फायदा, काळ्यावर धूळ आणि बोटांचे ठसे नीट दिसतात.

मग स्पर्श न करता धूळ काढणं. सगळं काम याच पायरीवर उभं आहे. गावातल्या लग्नांचे फोटो काढणाऱ्या भैयाकडून रबरी ब्लोअर आणला. लेन्ससाठी असतो तो, हातात दाबायचा फुगा. स्क्रीन जरा पुढे झुकवून धरली, म्हणजे उडालेली धूळ पुन्हा तिच्यावर बसत नाही. वरून खाली हवा मारली. कडेच्या खाचेत धूळ दडते, तिथे दोनदा. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे बारीक थेंब जातात. राहिलेल्या कणांना नवा मऊ ब्रश फक्त टेकवला. ब्रश आधी स्वतःच्या गालावर फिरवून पाहिला. गालाला टोचला असता तर वापरला नसता.

टॉर्च पुन्हा तिरपा धरला. कण दिसला की परत ब्लोअर. नंबर २ ला हे पाच वेळा करावं लागलं. पुतण्या कंटाळला, पण बसून राहिला.

त्यानंतर पाणी, आणि तेही कापडावर, स्क्रीनवर कधीच नाही. स्क्रीनवर मारलेला थेंब ओघळतो आणि खालच्या चौकटीत शिरतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या नाजूक पट्ट्या आणि जोडण्या नेमक्या तिथेच असतात. म्हणून कापडाचा एक कोपरा बॅटरीच्या पाण्याने ओला केला आणि पिळला. गालाला गार वाटावं, पण थेंब निघू नये, एवढाच ओलावा. झाकणाला मागून हाताचा आधार दिला, नाहीतर बिजागरीवर ताण येतो. वरून खाली सरळ पट्टे ओढले. जोर कापडाच्या वजनाचा आणि बोटांच्या टेकण्याचा, त्याहून नाही. एक पट्टा झाला की कापडाची नवी बाजू. एकच बाजू फिरवत राहिलं तर उचललेला कण तेच कापड पुढे ओढत नेतं. गोल गोल पुसायचं नाही. सरळ ओरखडा ठरावीक कोनातूनच दिसतो, गोल ओरखडा कुठूनही बघा, दिसतोच.

तेलाचे ठसे पहिल्या फेरीत गेले नाहीत. ओलं कापड डागावर दहा सेकंद नुसतं टेकवून धरलं, मग ओढलं. दुसऱ्या फेरीत गेले. नुसत्या पाण्याने एवढं जातं हे पोरांना खरं वाटेना. शेवटी कोरड्या कापडाने एकदा, तितक्याच हलक्या हाताने.

नंबर ३ ची काच सोपी गेली. पण तिच्यावर कीबोर्डचा चौकोनी नकाशा उमटलेला होता. झाकण बंद असताना बटणं काचेला टेकतात आणि बटणांवरचं बोटांचं तेल तिथे छापलं जातं. म्हणजे स्क्रीन स्वच्छ ठेवायची तर बटणंही स्वच्छ हवीत, आणि बॅगेत लॅपटॉपवर वह्या-पुस्तकांचं ओझं नको. बंद करताना मध्ये जाड कापड ठेवायची कल्पना एकाने काढली. पातळ लॅपटॉपला तसलं कापडच आतून दाबतं, म्हणून नको म्हटलं.

बघता बघता दुपार गेली. दोनच झाले.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

मी सकाळच्या गाडीने आले तोवर पूजा झाली होती.

दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजा करायची आमच्या घरची रीत. या वर्षी आईने पाटीशेजारी सातही लॅपटॉप मांडले होते. झेंडूची माळ, आपट्याची पानं, समई. आणि प्रत्येक झाकणावर ओल्या बोटाने हळद आणि कुंकू. नंबर २ उघडा ठेवलेला होता, त्याच्या स्क्रीनवरही, खालच्या कोपऱ्यात.

माझ्या चेहऱ्याकडे बघून आई म्हणाली, "लेकरांची पाटीच हाय की ही. पाटीला हळद-कुंकू लागल्याबिगर कसं चालंल?" तिचं बरोबर होतं. मी पाया पडले. या यंत्रांची या गावात एवढी आस्था असेल तर ती टिकतील, असं मनात आलं. डाग काढणं माझं काम, ते मी करीन.

सणाच्या दिवशी पुसायला बसले नाही. कुणी हात लावू नये एवढं मात्र सगळ्यांना सांगितलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

कुणीतरी हात लावलाच. धाकट्या पुतणीने चांगल्या मनाने नंबर ६ चं झाकण साबणाच्या पाण्याने पुसलं आणि पिवळा डाग लालभडक झाला. पोर रडायला आली होती. तिला जवळ बसवून सांगितलं की बिघडलं काही नाही. हळदीत करक्युमिन नावाचा रंग असतो. साबण, सोडा, चुना असं अल्कलीधर्मी काही लागलं की तो लाल होतो. पांढऱ्या सदऱ्यावरच्या हळदीला साबण लावला की असंच होतं. पारंपरिक कुंकूही हळदीला चुन्याची संगत देऊनच करतात. तिने आईकडून वाटीभर चुन्याची निवळी आणली आणि हळद लाल करून दाखवायला सगळ्या गल्लीला बोलावलं. तासभर काम बंद होतं, पण तो तास चांगला गेला.

मग काम. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणजे झाकणांना आयसोप्रोपिल लावायचं. पण प्लास्टिक सगळं सारखं नसतं. काही प्लास्टिकवर, ॲक्रिलिकसारख्यांवर तर हमखास, अल्कोहोलने बारीक तडे जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक लॅपटॉपच्या पोटाकडच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ओला बोळा मिनिटभर टेकवून पाहिला. चिकटपणा, पांढरेपणा, मंदपणा येतो का बघायचं. सहा पास झाले. नंबर ५ च्या नक्षीदार झाकणाची चमक तेवढ्यातच किंचित मंदावली. त्याला अल्कोहोल नाही. नेलपॉलिश काढायचं पाणी आणू का, असं कुणीतरी विचारलं. त्यात बहुधा ॲसिटोन असतो आणि या जातीचं प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळतं. बाटली खोलीतही आणू दिली नाही.

समई आधी दुसऱ्या घरात नेली. अल्कोहोलची वाफ पेट घेते. खिडक्या उघडाव्या लागल्या, आणि समोरच्या शेतात सोयाबीनचं मळणीयंत्र चालू होतं. भुश्शाची धूळ आत येऊ लागली. वाफ कोंडायची की धूळ घ्यायची? मळणी जेवायला थांबेपर्यंत आम्हीही थांबलो.

कोरडी हळद आधी ब्लोअरने उडवली, मग पाण्याने ओलं केलेलं कापड, आणि उरलेल्या पिवळ्यावर अल्कोहोलचा बोळा, पाच-सहा सेकंद टेकवून उचलायचा. बोळा पिवळा होत जातो, झाकण स्वच्छ होत जातं. लगेच बॅटरीच्या पाण्याचं कापड. नंबर ६ चा लाल डागही असाच गेला. कुंकवाने मात्र दमवलं. बाजारच्या कुंकवात हळदीशिवाय इतर रंगही असतात, दोन झाकणांवर गुलाबी छटा राहिलीच.

नंबर १ बघून वाईट वाटलं. हळद सपाट भागावरून निघाली, पण पहिल्या दिवशी दिसलेल्या त्या गोल ओरखड्यांत शिरून बसली. काळ्या झाकणावर पिवळ्या रेघांचं जाळं. रुमालाने काय केलं होतं ते आता टॉर्चशिवाय दिसत होतं. पुतण्या बराच वेळ बघत राहिला. मी काही बोलले नाही. मऊ ब्रश अल्कोहोलमध्ये किंचित बुडवून तो स्वतः रेघांच्या दिशेने फिरवत बसला आणि संध्याकाळपर्यंत निम्म्याहून अधिक पिवळेपणा त्याने काढला.

राहिली नंबर २ ची स्क्रीन. प्लास्टिकचा लेप, त्यावर बोटभर पिवळा ठिपका. पाण्याने वरची भुकटी गेली, छटा राहिली. अल्कोहोलने ती गेली असती. कदाचित लेपही गेला असता. पोटाकडच्या प्लास्टिकवर पाहता येतं तसं स्क्रीनवर लपलेला कोपरा मिळत नाही, चाचणी घ्यायला जागाच नाही. म्हणून लावलं नाही. हळदीचा रंग उजेडाने उडतो, उन्हात टाकलेल्या कपड्यावरचा डाग फिका पडतो तो त्यामुळेच. थेट उन्हात लॅपटॉप ठेवायचा नाही, स्क्रीन आणि बॅटरी दोन्ही तापतात. उत्तरेच्या खिडकीजवळ, बॅटरी काढून, उघडा ठेवला. वर पातळ पारदर्शक कागद, धुळीसाठी.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आठवड्यात एक प्रकार घडला. नंबर ४ चा पंखा आवाज करतो म्हणून पोरं त्याला पंक्चरच्या दुकानात घेऊन गेली आणि कॉम्प्रेसरची हवा मारून आणली. दुकानदाराने पैसेही घेतले नाहीत, मदत म्हणूनच केलं. पण कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन साचतो, आणि यंत्राचं तेलही हवेबरोबर येतं. बटणांखाली दमट काळपट तुषार होते. त्या जोराने पंखा भन्नाट फिरला असणार. बंद पंखा बाहेरून असा फिरवला तर त्याच्या बेअरिंगला इजा होते, आणि फिरणारी मोटर उलटी वीजही तयार करू शकते.

बॅटरी काढली. तंबूसारखा उलटा उभा करून सावलीत ठेवला. हेअर ड्रायर नाही, तांदळाचा डबा नाही, त्याचं पीठ फटींत जातं. उद्यापर्यंत हात लावणार नाही.

तोवर नंबर ६ चा कीबोर्ड. याच्यावर कधीतरी गोड चहा सांडलेला, सात-आठ बटणं चिकट. साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून इथे आधी पाणी. कापसाच्या काडीचं टोक ओलं करून निथळून घेतलं आणि बटणांच्या कडांनी फिरवलं. प्रत्येक बटणाला नवी काडी. चहाचा रंग काडीवर यायचा थांबला तेव्हा अल्कोहोलची एक काडी, ओलावा लवकर उडावा म्हणून. जागा सोडायच्या लांब बटणाला चार वेळा करावं लागलं.

काही बटणं पुसल्यावरही चकाकत राहिली. पोरांना वाटलं अजून तेल आहे. ते तेल नाही. बोटांनी वर्षानुवर्षं घासून प्लास्टिकचा खरखरीतपणाच गेलाय. घासून तो परत येत नाही, उलट चकाकी वाढते.

२० ऑक्टोबर, रविवार

नंबर ४ चं पोट उघडलं. ओलावा गेला होता. पंख्याच्या मागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याच्या जाळीवर धुळीची अख्खी वात बसलेली. पाती काडीने अडवून धरली, ब्रशने वात सुटी केली, चिमट्याने उचलली. रबरी ब्लोअरचे दोन-तीन झटके. चालू झाला. आवाज थोडा राहिलाय.

इतर पाच लॅपटॉपची पोटंही तशीच साफ केली. विशेष काही नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

नंबर ५ ची स्क्रीन. उडालेल्या लेपाचे पट्टे ढगांसारखे दिसतात. शेजारचे एक काका टूथपेस्ट घेऊन आले, मोबाईलच्या काचेला चालते म्हणाले. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी भुकटी असते, दाताच्या कवचासाठी ठीक. प्लास्टिकच्या लेपाला ती सगळीकडून सारखी खरवडते आणि चमक जाऊन दुधासारखा मंदपणा येतो. काकांना त्याच दिवशी नंबर ७ च्या मेलेल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात लावून दाखवली. त्यांनी स्वतः पुसून पाहिलं आणि ट्यूब खिशात ठेवली. नंबर ५ आहे तसा राहील. चालू असताना ते ढग फारसे दिसत नाहीत.

नंबर ७ दुरुस्त होणार नाही असं औशाच्या मेकॅनिकने सांगितलं. फेकायचा नाही. त्याच्यावर पोरं पुसायला शिकतील. आज पाच जणांनी शिकून घेतलं. ब्लोअर, टॉर्च, पुन्हा ब्लोअर, मगच कापड. धाकट्या पुतणीचा हात सगळ्यांत हलका आहे. अभ्यासिकेच्या साफसफाईची किल्ली तिच्याकडे द्यायची असं ठरलं.

कापडांचंही तिला समजावलं. खाली जमिनीवर पडलेलं कापड धुतल्याशिवाय स्क्रीनला लावायचं नाही, नुसतं झटकून चालत नाही. साध्या साबणाने धुवायची, कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव घालायचं नाही, त्याचा मेणासारखा थर धाग्यावर बसतो आणि काचेवर उतरतो. टॉवेलबरोबर धुवायची नाहीत. वाळत घालायची खोलीत, अंगणात नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

नंबर २ चा ठिपका आज सकाळी बघितला. चालू स्क्रीनवर दिसत नाही. बंद करून टॉर्च तिरपा धरला तर मोहरीच्या फुलाइतकी फिकट छटा आहे. अजून महिनाभर खिडकीजवळ बसेल तोच.

अकरा वाजता अभ्यासिका उघडायची होती. आई पूजेचं ताट घेऊन आली. ताटात या वेळी विड्याची पानं होती, सात, आणि सात सुपाऱ्या. हे तिला कुणी सुचवलं नव्हतं. प्रत्येक झाकणावर एक पान, पानावर सुपारी, हळद-कुंकू सुपारीला. पानं धुतलेली होती. ठेवण्याआधी तिने एकेक पान पुतणीपुढे धरलं, पुतणीने ते दोन्ही बाजूंनी पुसून कोरडं केलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि परत दिलं.